१९६५ सालची दोन दारे

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची उत्तरे आली, की आपल्या पॉटलकमध्ये दुसरा विषय निघत नाही. कुणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, कुणाच्या मुलाचा थोडक्यात हुकला आणि हुकला तो कुणामुळे. "मेरिटला काही किंमतच राहिली नाही," हे वाक्य मीही पूर्वी पुरणपोळीवर तूप घेता घेता अनेकदा म्हटले आहे. त्यामुळे हा लेख थोडासा कबुलीजबाबासारखा झाला, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१९८४ पासून काही वर्षे मी नोकरी सांभाळून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवत असे. माझ्या वर्गात 'सीक' योजनेतून आलेली बरीच मुले असत. शिक्षण, उन्नती आणि ज्ञान यांचा शोध, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. ही मुले मागच्या दाराने आत आली आहेत, असे मला तेव्हा मनातून वाटे. दाराचा इतिहास मी नंतर वाचला.

सिटी कॉलेज १८४७ साली निघाले, तेच मुळी पैसे नसलेल्या घरांतील मुलांसाठी. फी नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू शिंप्यांची आणि कारागिरांची मुले तेथे शिकून शास्त्रज्ञ, डॉक्टर झाली. परंतु १९६० च्या सुमारास प्रवेशासाठी शाळेतले गुण इतके उंच लागू लागले, की हार्लेमच्या टेकडीवर उभ्या असलेल्या या कॉलेजात हार्लेमचीच मुले क्वचित दिसत. त्यांच्या शाळांत वर्ग खच्चून भरलेले आणि अनुभवी शिक्षक टिकत नसत. कॉलेजात फी नव्हती खरी, पण तेथवर पोहोचण्याची किंमत या मुलांना परवडणारी नव्हती.

१९६५ साली कॉलेजाने अशा शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना नेहमीची गुणांची अट बाजूला ठेवून घेतले. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने या प्रयोगाला कायद्याचा आधार दिला. त्यासाठी झटणाऱ्या आमदारांत पर्सी सटन आणि शर्ली चिझम हे दोघे होते. चिझमबाई पुढे १९६८ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

या योजनेचे मर्म केवळ प्रवेशात नव्हते. निवडलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकांसाठी आणि खर्चासाठी पैसे मिळत, कच्च्या विषयांचे जादा वर्ग असत आणि अडचण ऐकून घ्यायला एक समुपदेशक नेमलेला असे. पदवीची परीक्षा मात्र सर्वांना सारखीच.

एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजाचा दक्षिण भाग ताब्यात घेतला. १९७० च्या शरद ऋतूपासून सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील प्रत्येक हायस्कूल उत्तीर्ण मुलाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा देऊ केली. त्या वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी आले. त्यांत आयरिश आणि इटालियन कामगारांची मुलेही पुष्कळ होती, हे आपण सहसा ऐकत नाही. १९७६ च्या आर्थिक संकटात शहराचे दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा संपली. 'सीक' मात्र टिकली.

तेथे इंग्रजी शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांनी नवख्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध तपासून १९७७ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या चुका आळसाच्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे काहीतरी तर्क असतो आणि शिक्षकाने तो शोधावा.

मला ते एका मुलाने शिकवले. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे त्याने फळ्यावर लिहिले. मी वैतागून खुलासा विचारला. तो शांतपणे म्हणाला, "प्रोफेसर, आधी दोन वेळा बॉल टाकला, एकदा बास्केटमध्ये गेला. मग तीनदा टाकला, एकदा गेला. एकूण पाचात दोन." त्याचा हिशेब चोख होता, फक्त प्रश्न वेगळा होता. आणि तो वेगळा असल्याचे त्याला आजवर कुणी सांगितले नव्हते.

त्या रात्री सबवेत मला गावाकडचा वर्गमित्र आठवला. व्याजाची गणिते तो माझ्याआधी तोंडी सोडवी. १९७२ च्या दुष्काळात तो आईबरोबर खडी फोडायच्या कामावर गेला आणि शाळेत परत आलाच नाही. मी पुण्याला इंजिनिअर झालो, तेही सरकारी कॉलेजात, नाममात्र फीवर. त्याला कुणी हात दिला असता, तर आज पॉटलकमध्ये मेरिटबद्दल कोण बोलले असते, कोण जाणे.

सिटी कॉलेजपासून दक्षिणेला जेमतेम मैलभर अंतरावर कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. विद्वत्ता त्यांची स्वतःची, पण बोटीचे तिकीट काढायला कुणीतरी लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आणि आपण? ज्या कायद्याने आशियातील लोकांना या देशात यायला मोकळी वाट दिली, त्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली ती ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली नसती, तर तो कायदा होणे कठीण होते. एकाच वर्षी, एकाच वाऱ्याने दोन दारे उघडली. त्यातल्या एकातून आपण आलो आणि दुसऱ्यातून येणाऱ्यांकडे संशयाने पाहत राहिलो.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत बंद केली. 'सीक'ची कसोटी कुटुंबाचे उत्पन्न आणि शिक्षणातील अडचण ही असल्याने ती योजना आजही चालू आहे. येत्या एप्रिलमध्ये पुन्हा विषय निघेलच. तेव्हा मी ते बास्केटबॉलचे गणित सांगणार आहे.