'री', 'झील' आणि 'मम' : अनुवचनवाचक शब्दांचा इतिहास

मराठी समीक्षेत 'अनुकरण' आणि 'अनुवाद' या संज्ञांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने दुसऱ्याचे बोल पुन्हा बोलण्याच्या क्रियेला लोकभाषेने जे शब्द दिले, त्यांच्याकडे कमी लक्ष गेले. री ओढणे, झील धरणे, मम म्हणणे, पालुपद लावणे, पोपटपंची, घोकंपट्टी, नक्कल : आज या शब्दांतून बहुधा उणेपणाच सूचित होतो. परंतु यांपैकी बहुतेक शब्द ज्या व्यवहारांतून आले, तेथे ही क्रिया दोषास्पद नव्हती; ती आवश्यक, किंबहुना प्रतिष्ठित होती. हा अर्थापकर्ष कसा घडला आणि त्याने कोणाचे नुकसान केले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला गट गायनाच्या साथीचा. पोवाड्यात आणि तमाशात झीलकरी शाहिराच्या मागे उभे राहून कडव्याचा शेवट उचलतात, पालुपद धरतात. त्यामुळे शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ आठवता येते आणि श्रोत्यांच्या मनात आशय ठसतो. झील नसेल तर पोवाडा उभा राहत नाही. फडावरची ही सहकार्याची क्रिया सभेत आणि राजकारणात आली, तेव्हा तिचा अर्थ 'स्वतःचे मत नसणे' असा झाला.

दुसरा गट पठण आणि विधी यांचा. 'घोकणे'च्या मुळाशी 'घोष' आहे. वेदपाठशाळेत गुरू संथा देतो व शिष्य ती त्याच स्वरांत परत म्हणतो. तेथे जसेच्या तसे म्हणणे हीच विद्या होती. 'मम'ची कथा अधिक बोलकी आहे. संकल्प पुरोहित उच्चारतो आणि यजमान केवळ 'मम' म्हणतो. 'मम' म्हणजे 'माझे'. स्वामित्व सांगणारा हा शब्दच मराठीत स्वत्वशून्य होकाराचे नाव व्हावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्याला संकल्पाची भाषा शिकण्याची वाट बंद होती, त्याच्या वाट्याला एवढाच उच्चार उरला होता. 1899 साली कोल्हापुरात उद्भवलेले वेदोक्त प्रकरण एका परीने याच प्रश्नाचे होते : कोणासाठी कोणते मंत्र म्हटले जावेत? पुनरुच्चारातही अधिकारभेद होता, हे विसरून चालत नाही.

तिसरा गट दफ्तराचा. 'नक्कल' मुळात अरबी. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे हा तिचा मूलार्थ. इस्लामी विद्यापरंपरेत परंपरेने पोचलेल्या ज्ञानाला 'मन्कूल' आणि तर्काने सिद्ध होणाऱ्या ज्ञानाला 'माकूल' म्हणत; दोन्हींना मान होता. निजामी राजवटीत 1884 साली फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली आणि 1917 साली हैदराबादेत दारुल तर्जुमा ही भाषांतरसंस्था उभी राहिली. किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. या मुलखातील शेतकऱ्याच्या दृष्टीने 'नक्कल' म्हणजे जमिनीच्या कागदाची प्रमाणित प्रत, म्हणजेच हक्काचा पुरावा. तोच शब्द रंगमंचावर हशा पिकवतो आणि परीक्षागृहात गुन्हा ठरतो.

अनुवचनाची प्रतिष्ठा पाहायची असेल तर या परिसरातच दोन दाखले आहेत. जवळचे माहूर हे दत्तात्रेयाचे स्थान म्हणून महानुभाव पंथाला पवित्र. या पंथाचा 'लीळाचरित्र' हा आद्य गद्यग्रंथ अनुवचनातूनच सिद्ध झाला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. आठवणींत भेद आढळले तेव्हा पंथाने ते पुसून टाकले नाहीत. 'वासना' या संज्ञेने पाठभेदाची नोंद जपली. पुढे 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली, तीही याच निष्ठेने. दुसऱ्याचे बोल बिघडू न देणे हे ग्रंथकर्त्याचे कर्तव्य मानले जात होते.

दुसरा दाखला परधानांचा. गोंड यजमानांच्या कुळकथा किंगरीच्या साथीने गाणारा हा समाज. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. त्या भागातील परधानांची घरची भाषा मराठी, पण कथा गायची ती गोंडीत. दुसऱ्यांचा इतिहास दुसऱ्यांच्या भाषेत जतन करणाऱ्या या गायकांना 'पोपट' म्हणण्याचे धाडस कोण करील?

शास्त्रानेही हा भेद ओळखला होता. न्यायसूत्रांत 'अनुवाद' आणि 'पुनरुक्त' वेगळे आहेत : सप्रयोजन पुनर्कथन तो अनुवाद, निष्प्रयोजन ते पुनरुक्त. 'लवकर, लवकर जा' यातील दुसरा 'लवकर' व्यर्थ नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'अननुभाषण' हे तेथे निग्रहस्थान आहे. सभेला समजलेले, तीनदा सांगितलेले प्रतिवाद्याचे म्हणणे ज्याला पुन्हा उच्चारता येत नाही, तो वादात हरला. म्हणजे अनुवचन ही खंडनाची पूर्वअट होती.

मग अपकर्ष कशामुळे? मुद्रण, लेखी परीक्षा आणि 'स्वतंत्र' ग्रंथकाराची कल्पना या तिन्हींचा वाटा मोठा असावा. 1874 मध्ये निबंधमाला सुरू झाली. त्यापूर्वीच्या कालखंडाला वाङ्मयेतिहासात 'भाषांतरयुग' म्हणण्याचा प्रघात पडला आणि त्या नावातच उणेपणाची छटा आली. ग्रंथ छापून सुरक्षित झाल्यावर तो जपणाऱ्या जिभेची गरज सरली. उरलेली क्रिया निष्प्रयोजन वाटू लागली.

हा न्याय मात्र सर्वांना सारखा लागू होत नाही. किनवटच्या वर्गात गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू बोलणाऱ्या घरांतील विद्यार्थी बसतात. प्रमाण मराठीचे वाक्य ते प्रथम जसेच्या तसे उचलतात. उत्तरपत्रिकेत आपण त्याला पोपटपंची म्हणतो. आपण समीक्षक परदेशी सिद्धान्ताची वाक्ये उचलतो तेव्हा तो संदर्भ ठरतो. पहिला संथा घेत असतो, दुसरा पुष्कळदा नुसता 'मम' म्हणत असतो. प्रस्तुत लेखकही या दुसऱ्या वर्गातून स्वतःला वगळू शकत नाही.

आपल्या समीक्षेवर परभृततेचा आरोप वारंवार होतो. त्या आरोपात तथ्य असले, तरी आपला खरा दोष न्यायसूत्रांच्या भाषेतच नेमका सांगता येतो : तो अननुभाषणाचा आहे. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आपण त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडत नाही, आणि ज्याचा स्वीकार करायचा तेही पुरते उच्चारून पाहत नाही. झील धरण्यासाठी आधी शाहिराचे कडवे नीट ऐकावे लागते, एवढे तरी या शब्दांच्या इतिहासाकडून शिकण्यासारखे आहे.