क्लचमधली काटकसर

काटकसर म्हटली की आम्हां मध्यमवर्गीयांच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा पातळ झालेला चहा येतो. वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिच्यात कुठंतरी पाणी घातलं असणार, ही आमची ठाम समजूत. त्या समजुतीला तडा देणारं एक उदाहरण मला सापडलंय, तेही मोटारीच्या पोटात. माझ्याकडे मोटार नाही. पण मोटारीचा इतिहास वाचायला लायसन लागत नाही.

हेन्री फोर्डची टी मॉडेल १९०८ साली आली आणि मे १९२७ मध्ये दीड कोटीचा आकडा गाठून रजेवर गेली ती कायमचीच. तिच्या क्लचमध्ये पंचवीसेक चकत्या, त्याही तेलात बुडालेल्या. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट व्हायचं, चकत्या एकमेकींना बिलगायच्या आणि समोर उभं राहून हँडल मारणाऱ्या मालकाच्याच अंगावर गाडी लाडानं चालून यायची!

२ डिसेंबर १९२७ रोजी ए मॉडेल लोकांपुढं आली. आता क्लच कोरडा होता. पण चकत्यांची चळत काही सुटली नव्हती. एक चकती इंजिनाच्या पक्षाची, दुसरी गिअरबॉक्सच्या, पुन्हा एक इंजिनाची, अशी एकाआड एक पंगत. पेडल दाबलं की सगळ्यांनी एकदम सुटायचं. आता, एका कागदावर सात-आठ टेबलांच्या सह्या लागत असल्या, की एक साहेब हमखास जेवायला गेलेले असतात. चळतीचं तसंच. एखादी चकती घुटमळली की गिअर करकरायचा. शिवाय इतक्या चकत्यांचं वजन. पाय दाबला तरी त्या आपल्या तंद्रीत फिरतच राहणार.

इकडे रोडस्टरची किंमत जाहीर झाली होती ३८५ डॉलर. कारखाना कित्येक महिने बंद ठेवून बरीच यंत्रं बदललेली, १९२७ आणि १९२८ ही दोन्ही सालं तोट्याची. किंमत वाढवावी तर शेवरलेट टपून बसलेली! मग गाडीच्या आतच हात घालणं आलं.

१९२८ च्या अखेरीस चळत गेली आणि एकच चकती आली. दोन्ही अंगांना अस्तर लावलेली ही चकती फ्लायव्हील आणि दाबपट्टी यांच्यामध्ये धरायची, मागं स्प्रिंगा, वरून बोल्ट आवळले की काम झालं. चळत नीट ओळीनं रचत बसायला नको. सुटे भाग कमी, हात कमी, वेळ कमी. एका गाडीमागं एक डॉलर वाचला असं नुसतं धरून चाला. ए मॉडेल १९३१-३२ पर्यंत ४८ लाखांहून अधिक निघाल्या. गुणाकार तुम्ही करा. मी दिवसभर तेच करतो.

मौज अशी की गिऱ्हाईकाचंही यात नुकसान झालं नाही. सुटायला एकच चकती, तीही हलकी, त्यामुळं गिअर सुखानं पडू लागला. चहातलं पाणी काढून चहा स्वस्त झाला म्हणायचा! पंचाईत झाली ती सुटे भाग सांभाळणाऱ्या कोठीवाल्याची. फ्लायव्हीलसुद्धा बदललेलं, म्हणजे एकाच गाडीसाठी दोन तऱ्हेचा माल ठेवणं आलं. त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

पुढं जुन्या गाडीवाल्यांपैकी अनेकांनी आपली चळत काढून एकचकती क्लच बसवून घेतला. आता त्या गाड्या संग्राहकांच्या हाती आहेत, आणि त्यांतले काही हौशी अस्सलपणासाठी तीच चळत हुडकत फिरतात. फोर्डनं पैसे वाचवायला जी टाकली, ती हे लोक पैसे मोजून घरी आणतात. आमच्या बी. कॉम.ला हा धडा नव्हता.