द्विध्रुवी मनोविकार : अवस्थाक्रम

अतिउत्साह (मॅनिया) आणि नैराश्य यांचे झटके आलटून-पालटून येणाऱ्या द्विध्रुवी (बायपोलर) विकाराची कालानुसार होणारी वाटचाल. झटके वाढत जातात तसा दोन झटक्यांमधला निरोगी काळ आखडतो, असे निरीक्षण जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमील क्रेपेलिन यांनी नोंदवले होते. ऑस्ट्रेलियाचे मायकेल बर्क व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलेल्या आराखड्यात शून्य ते चार अवस्था आहेत. शून्य अवस्थेत आनुवंशिक वा अन्य जोखीम असते, लक्षणे नसतात. पहिलीत झोप बिघडणे, चिडचिड, अस्वस्थता अशी अस्फुट लक्षणे दिसतात. दुसरी पहिल्या पूर्ण झटक्याची, तिसरी पुनरावृत्तीची, तर चौथी न ओसरणाऱ्या आजाराची. ब्राझीलचे फ्लाविओ कापचिन्स्की यांनी 2009 मध्ये वेगळा निकष धरला : झटके नसताना माणूस कितपत सावरलेला असतो, त्याची स्मृती, एकाग्रता व स्वावलंबन किती टिकते.

निदानाची खरी अडचण बर्क यांच्या आराखड्यातील दुसऱ्या अवस्थेत आहे. पहिला झटका पुष्कळदा नैराश्याचा असल्याने साधे नैराश्य असे निदान होते. केवळ नैराश्यरोधक औषध दिल्यास काहींमध्ये अतिउत्साह उफाळतो. योग्य निदानाला अनेकदा वर्षे लागतात आणि शिक्षण, नोकरी, संसार उभा करण्याचा मोलाचा काळ हातचा जातो. म्हणून आधी दिसलेली अतिउत्साहाची लक्षणे व कुटुंबातील आजार यांची चौकशी अत्यावश्यक ठरते. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा गुणही सुरुवातीच्या अवस्थांत अधिक येतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

हा क्रम अटळ नाही. अनेक रुग्ण चौथ्या अवस्थेपर्यंत कधीच जात नाहीत.