अँटिव्हायरस सॉफ्टवेअर

अँटिव्हायरस सॉफ्टवेअर किंवा विषाणूरोधक आज्ञावली म्हणजे संगणकातील घातक आज्ञावली ओळखून त्यांना रोखणारी अथवा काढून टाकणारी प्रणाली होय. विषाणू, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर अशा सर्व घातक आज्ञावलींना मिळून मालवेअर म्हणतात. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक व नकोशा आज्ञावलींची नोंद करते. या वेगाला अँटिव्हायरस पुरे पडते का, हा संगणक-सुरक्षेतील जुना प्रश्न आहे. परिचित मालवेअर आणि त्याची किरकोळ बदललेली रूपे यांच्यापुरते उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. अगदी नव्या, किंवा अधिकृत मार्गानेच आत शिरणाऱ्या मालवेअरपुढे मात्र ही प्रणाली अनेकदा अपुरी पडते.

पार्श्वभूमी

आयबीएम धर्तीच्या व्यक्तिगत संगणकांवरील पहिला विषाणू म्हणून ओळखला जाणारा 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी तयार केला. तो फ्लॉपीवरून पसरत असे. फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यास वेळ लागे, त्यामुळे प्रतिकार शोधणाऱ्यांनाही उसंत मिळे. याच काळाच्या अखेरीस, १९९५ मध्ये, कैलाश व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी स्थापन केली. तिचे 'क्विक हील' हे अँटिव्हायरस पुढे देशभर वापरले जाऊ लागले आणि २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. इंटरनेट आल्यावर मालवेअरचा प्रवास दिवसांवरून मिनिटांवर आला.

ओळखण्याच्या पद्धती

मूळ पद्धत ठशांची आहे. पकडलेल्या मालवेअरमधील वैशिष्ट्यपूर्ण भाग, ज्याला सिग्नेचर म्हणतात, तो यादीत नोंदवला जातो आणि संगणकावरील प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. ही पद्धत जलद व खात्रीची असली, तरी तिच्यासाठी कोणीतरी आधी बाधित व्हावे लागते. १९९० च्या सुमारास प्रत्येक नव्या प्रतीत स्वतःचे बाह्यरूप बदलणारे बहुरूपी विषाणू आले आणि केवळ ठशांवर विसंबणे अशक्य झाले.

त्यानंतर आज्ञावली कशी दिसते यापेक्षा ती काय करते याकडे लक्ष वळले. संशयित फाइल प्रथम बंदिस्त कृत्रिम वातावरणात चालवून पाहणे, एखादी आज्ञावली भराभर फाइली कुलूपबंद करू लागल्यास तिला थांबवणे, शंका आल्यास कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाकडे क्षणात विचारणा करणे, या त्यातील प्रमुख रीती. येथे एक अटळ ओढाताण आहे. चाळणी बारीक केली तर निरुपद्रवी आज्ञावलीही अडतात आणि सैल केली तर मालवेअर निसटते. कोणताही विषाणू अचूक ओळखेल अशी परिपूर्ण पद्धत तत्त्वतःच शक्य नाही, हे अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते.

विषाणू हा शब्द येथे थोडी दिशाभूल करतो. निसर्गातील विषाणू लस पाहून आपली रचना ठरवत नाही. मालवेअरचा कर्ता मात्र नेमके तेच करतो. 'स्कॅनफोरयू' नावाची सेवा अनेक वर्षे गुन्हेगारांना त्यांचे मालवेअर कोणकोणती अँटिव्हायरस पकडतात हे शुल्क घेऊन सांगत असे, आणि तपासलेले नमुने अँटिव्हायरस कंपन्यांपर्यंत पोहोचू देत नसे. तिच्या चालकास २०१८ मध्ये अमेरिकेत १४ वर्षांची शिक्षा झाली.

न्हावा-शेवा बंदरातील घटना

पनवेलजवळ, उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. त्यातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवत असे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या मालवेअरने मर्स्कचे जगभरातील संगणक निकामी केले आणि या टर्मिनलचेही कामकाज ठप्प झाले. हजारो कंटेनरांपैकी कोणता कोठे रचला आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा आहे, हे अशा ठिकाणी संगणकच सांगतो. तो बंद पडल्यावर हाताने नोंदी करून काम रेटण्याचा प्रयत्न झाला. कंटेनर तुंबणार हे ओळखून वाहने उभी करण्यासाठी जागेची सोयही करावी लागली.

नॉटपेट्याचा प्रवेश युक्रेनमधील 'मीडॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून झाला, म्हणजे ज्या दाराने विश्वासाचा माल येतो त्याच दाराने. पुढे ते दोन प्रकारे पसरले. विंडोजमधील एका त्रुटीचा त्याने वापर केला; तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती आणि मे महिन्यातील 'वॉनाक्राय'ही याच त्रुटीवर पसरले होते. शिवाय ते संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून, व्यवस्थापक वापरतात तीच साधने वापरत असे. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही सुरक्षित राहिले नाहीत. ते खंडणी मागत असले तरी पैसे देऊन फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी त्याची जबाबदारी रशियन लष्करावर ठेवली. रशियाने ती नाकारली.

अँटिव्हायरस कंपन्यांनी नॉटपेट्याची ओळख आपल्या याद्यांत घातली, पण तोवर मर्स्कचे नुकसान होऊन गेले होते. कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारले. 'वायर्ड' नियतकालिकाच्या वृत्तांतानुसार, घानातील कार्यालयात नेमकी वीज गेलेली असल्याने तेथील एक महत्त्वाचा सर्व्हर जाळ्याबाहेर राहिला आणि त्याच्यावरून पुढची उभारणी शक्य झाली.

अद्ययावतीकरणाचे धोके

मालवेअरला गाठण्यासाठी सुरक्षाप्रणाली दिवसातून अनेकदा अद्ययावत होतात आणि त्यांना संगणकाच्या गाभ्यापर्यंत प्रवेश असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या अशाच एका सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्या दिवशी मालवेअर कोठेच नव्हते.

भारतातील व्यवस्था

विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत अँटिव्हायरस अंगभूत असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे मालवेअर काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. त्याखेरीज दुरुस्त्या वेळेवर बसवणे, रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे आणि महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून तोडून ठेवणे, असा सल्ला तज्ज्ञ देतात. यातील शेवटची गोष्ट रॅन्समवेअरपुढे सर्वांत उपयोगी ठरते आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार संस्थांना मालवेअर हल्ल्यासारख्या घटनेची माहिती, ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते.