जुन्या बाजारातली पारख : मुंबई-पुण्याच्या फेरविक्री व्यापाराचा इतिहास

वापरलेली वस्तू कमी दरात हेरून घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि ज्याला तिची खरी किंमत कळते अशा गिऱ्हाइकाला ती चढ्या भावाने विकायची, हा व्यवसाय मोबाइलच्या पडद्यावर आल्यापासून तरुणांचा नवा उद्योग म्हणून ओळखला जाऊ लागला असला, तरी मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांना तो किमान दीड शतकापासून परिचित आहे. या व्यापाराचे भांडवल पैशात फारसे नसते; ते असते पारखीत, म्हणजे विकणाऱ्याला जे दिसत नाही ते घेणाऱ्याला दिसण्यात. ही पारख कोणकोणत्या हातांतून चालत आली, हे पाहिल्याखेरीज आजच्या ऑनलाइन फेरविक्रीचे स्वरूप नीट समजत नाही.

या साखळीची पहिली कडी म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीला मराठीत हे नाव आहे. मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या अनेक स्त्रिया मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजातल्या असून, हा समाज आता स्वतःस देवीपूजक म्हणवून घेतो. त्यांच्या टोपलीत कालमानाप्रमाणे पितळेच्या जागी ॲल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले आणि पुढे प्लॅस्टिकचे टब व बादल्याही आल्या. सौद्याची रीत मात्र फारशी बदलली नाही. बोहारीण दारात बसते, कपड्यांचा ढीग पुढे ओढते, एकेक कपडा उलगडून उजेडासमोर धरते, सदऱ्याची कॉलर आणि बाह्यांची टोके बोटांनी चाचपते, पँटचा गुडघा व बैठक विरली आहे का ते पाहते, साडीचा काठ अंगठ्याने घासून जर खरी की खोटी हे ठरवते, आणि एवढे झाल्यावरच पातेल्याकडे बोट दाखवते. मालकीण मोठे पातेले मागते, बोहारीण लहान पुढे करते, आणखी दोन कपडे पडल्यावर मधले पातेले ठरते. या सौद्याला ‘घासाघीस’ म्हणून कमी लेखण्याची घरगुती सवय अन्यायाची आहे, कारण प्रत्येक कपड्याची पुढची वाट त्या काही मिनिटांत मनाशी आखलेली असते. धड कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून पुन्हा अंगावर घालण्यासाठी विकले जातात, विरलेल्या सुती कपड्यांच्या चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जातात, आणि खऱ्या जरीची साडी जर जाळून चांदी काढणाऱ्यांकडे पोहोचते.

ज्या घरात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या किंवा वाकळा शिवल्या जात, त्या घरातून बोहारणीला फारसे काही मिळत नसे. म्हणजे वस्तूचा दुसरा जन्म आधी घरातच होत असे आणि उरेल तेवढेच बाजारात येई. शहरातील घरे लहान झाली, शिवणारे हात नोकरीला गेले, तयार कपडे स्वस्त झाले, तसतसा हा ओघ घराबाहेर वळला. धातूच्या भांड्यांचा व्यवहार याहून निराळा होता. तांबट किंवा कासार यांच्या दुकानी जुने भांडे वजनावर ‘मोड’ म्हणून दिले जाई आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई. मोडीत धातूचीच किंमत होते, घडणीची होत नाही. जुन्या घडणीची पितळी समई वितळते ती याच हिशोबामुळे. रद्दीवाल्याच्या काट्यावर कागदाचेही तेच होते. जुन्या वस्तूंच्या साऱ्या व्यापारात वजनाची किंमत आणि घडणीची किंमत यांचा हा झगडा आहे, आणि पारखी माणूस वेळेत पोहोचला तरच त्यात घडण जिंकते.

या झगड्याचे सर्वांत मोठे रणांगण म्हणजे भेंडी बाजारालगतचा मुंबईचा चोर बाजार, ज्याचा मुख्य रस्ता मटण स्ट्रीट या नावाने ओळखला जातो. हा बाजार मुंबईतच वाढावा याला कारणे होती. बंदरामुळे येथे जगभरच्या वस्तू उतरत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या व्यापारातून शहरात अमाप पैसा आला आणि युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. एका पिढीने हौसेने भरलेली घरे अशा पडझडीत रिकामी होत. बदली होऊन किंवा निवृत्त होऊन विलायतेस परतणारे इंग्रज अधिकारी घरातले सामान लिलावात काढून जात. संस्थानांची मिळकत आटल्यावर त्यांच्या वाड्यांतील झुंबरे व आरसे बाहेर पडले, आणि इराणी हॉटेले एकेक करून बंद होत गेली तशा त्यांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या व संगमरवरी टेबले या गल्ल्यांत येऊन थडकली. एका माणसाचा पडता काळ हा दुसऱ्याचा खरेदीचा काळ असतो, हे या बाजाराचे कठोर अर्थशास्त्र आहे आणि त्याच्या रंगतदार वर्णनांत ते बहुधा वगळले जाते.

अशा वर्णनांपैकी सर्वांत लाडकी कथा व्हिक्टोरिया राणीच्या व्हायोलिनची. राणी मुंबईस आली असता बोटीवरून उतरवताना तिचे व्हायोलिन हरवले आणि पुढे याच बाजारात सापडले, असे पर्यटकांना आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया राणी भारतात कधीच आली नव्हती. चोरीचा माल येथे मुळीच येत नसे असा याचा अर्थ नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४११ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१७ मध्ये आली आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या व्यापाऱ्याचा जम ओळखीच्या पुरवठ्यावर आणि परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर बसलेला असतो. बाजाराच्या नावावरून त्या साऱ्यांना चोरांचे साथीदार ठरवणे इतिहासाला धरून नाही.

शुक्रवारी मटण स्ट्रीटवरील कायमची दुकाने बंद असतात आणि त्याच दिवशी आसपासच्या रस्त्यांवर पथारीवाल्यांचा जुमा बाजार भरतो. मुरलेले व्यापारी तेथे उजाडण्यापूर्वी बॅटरी घेऊन पोहोचतात, कारण पथारीवर मांडली जाण्याआधीच, गाठोडे सुटत असतानाच, वस्तू हेरायची असते. म्हणजे दुकानदारही तेथे गिऱ्हाईकच असतो, आणि सकाळी पथारीवर घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी काही पावलांवरच्या दुकानात अनेक पट किमतीला दिसू शकते. या वाढीव किमतीला फसवणूक म्हणणाऱ्यांना त्यामागचे श्रम दिसत नाहीत. ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग बदलणे, घड्याळाचे यंत्र चालू करणे, लाकडावरचे रंगाचे थर खरवडून खालचा सागवान उघडा करणे आणि मग नेमके गिऱ्हाईक येईपर्यंत भांडवल अडकवून थांबणे, या सगळ्याचा मोबदला त्या किमतीत असतो.

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार हा याच जातीचा, पण अधिक साधा. त्यात हत्यारे, नट-बोल्ट, विजेची उपकरणे आणि कपडे यांचा भरणा मोठा, आणि त्यांतच कोठेतरी जुनी नाणी, कुलपे, कंदील. पुण्याच्या संदर्भात दिनकर गंगाधर केळकर यांचा उल्लेख अटळ आहे. चष्म्याचा घरगुती व्यवसाय सांभाळणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती, कोरीव दरवाजे अशा ज्या वस्तू वाडे पडताना मोडीत निघत होत्या, त्या त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या आणि दिवंगत मुलगा राजा याच्या नावाने संग्रहालय उभे करून १९६२ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत. फेरविक्रेता आणि संग्राहक यांची नजर एकच असते. फरक इतकाच की एकाकडून वस्तू पुढे जाते आणि दुसऱ्यापाशी ती थांबते. असे थांबणारे हात नसते तर महाराष्ट्राच्या घरगुती कारागिरीचा मोठा भाग केवळ धातूच्या वजनात जमा झाला असता.

प्रत्यक्षात बरेच काही तसे जमा झालेही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच, तेही बहुतांश तुटक स्वरूपात, उरले. १९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची तर एकही प्रत उपलब्ध नाही. आगी आणि दमट हवा ही कारणे होतीच, पण फिल्मच्या थरातील चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकली गेली, हेही एक कारण होते. साडीच्या जरीला लागलेला न्यायच चित्रपटांना लागला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत या वस्तूंना घडणीच्या किमतीवर घेणारे खात्रीचे गिऱ्हाईकच नव्हते.

ध्वनिमुद्रिकांचे नशीब त्यामानाने बरे निघाले. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि लाखेच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. जाणकार ती तिरपी धरून उजेडात फिरवतो. खाचा काळ्याभोर चमकत असतील तर ती कमी वाजलेली, करड्या पडल्या असतील तर बोथट सुईने खाल्लेली. नखाने हलकेच टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला तर कोठेतरी केसाएवढी चीर असते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सभासदांनी या पारखीला अभ्यासाची जोड दिली, आणि बाजारातून वेचलेल्या तबकड्यांच्या आधारे गायकांच्या मुद्रणांच्या सूच्या तयार होऊ लागल्या.

कायद्याने या व्यापारात एक रेघ ओढली ती १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने, जो १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षे जुनी शिल्पे, चित्रे, नाणी व कारागिरीच्या वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षे जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरबसल्या परदेशी गिऱ्हाईक मिळण्याच्या काळात ही रेघ पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

हा काळ भारतात सुरू झाला तो २००० साली मुंबईतून सुरू झालेल्या बाझी डॉट कॉम या लिलावाच्या संकेतस्थळापासून. २००४ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. तोवर ओएलएक्स व क्विकर यांनी घराघरांतील अडगळ परस्पर विकण्याची सवय लावली होती, आणि २०२० च्या टाळेबंदीत इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची छोटी दुकाने चालवणाऱ्या तरुणींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. कॉलर चाचपणारी, विरलेली जागा शोधणारी आणि बटण लावणारी ही तरुणी नकळत बोहारणीचेच काम करते. तिला मिळणारी प्रतिष्ठा दारोदार फिरणाऱ्या बाईला मात्र कधी मिळाली नाही.

पडद्याने दोन गोष्टी खरोखर बदलल्या. पथारीवाल्याच्या हातातही मोबाइल आल्याने कोणती वस्तू कोठे किती किमतीला मांडली आहे हे त्यालाही कळते, आणि त्यामुळे केवळ भाव ठाऊक असण्यातून होणारा नफा आटला; खरी-खोटी ओळखण्यातला आणि दुरुस्तीतला नफा टिकला. दुसरा बदल विश्वासाचा. तबकडीवर टिचकी छायाचित्रात मारता येत नाही, काठावरची जर अंगठ्याने घासता येत नाही; म्हणून दोष आपणहून सांगणारा, डाग व चीर जवळून टिपून दाखवणारा विक्रेताच टिकतो. करपद्धतीनेही या धंद्याचे वेगळेपण मानले आहे : २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा करात जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलले नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी व विक्री यांतील फरकावर आकारला जातो. तो फरक दाखवण्यासाठी खरेदीची नोंद ठेवावी लागते, आणि पातेल्याच्या बदल्यात आलेल्या साडीला पावती नसते. त्यामुळे ज्या बाईने ती साडी प्रथम ओळखली, तिचे नाव ना वहीत येते ना विक्रीच्या मजकुरात.