बारा पॉइंट म्हणजे किती?

संगणकावर आपण मराठी आणि इंग्रजी मजकूर १२ पॉइंटांतच छापला, तरी मराठी अक्षरे बहुधा बारीक का दिसतात? उत्तर शिशाच्या खिळ्यांत आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा खिळे एकेक करून जुळवावे लागत. पुढे रूढ झालेल्या पॉइंटने (सुमारे १/७२ इंच) मोजली जाते ती अक्षराची उंची नव्हे. अक्षर खिळ्याच्या ज्या चौकटीवर ओतलेले असते, तिची उभी बाजू. देवनागरीत याच चौकटीत शिरोरेषेवर मात्रा आणि पायाशी उकार बसवायचे. मधल्या ‘क’ला जागा थोडीच उरते. खिळे गेले, फाँट आले, माप तेच राहिले. म्हणून लहान मुलांची प्रश्नपत्रिका छापताना आपण आकडा न पाहता अक्षर पाहावे.