कात्रजचा गाळ आणि चिकणमातीचे गणित

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या सुमारास, कात्रजहून पुण्याला पाणी आणण्याचे काम हाती घेण्यात आले. आंबील ओढ्यावर दोन तलाव बांधले गेले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरावे, ही त्यातली खुबी. तिथून चुन्यात बांधलेला दगडी भुयारी नळ शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत गेला. वाटेत जागोजागी हवेसाठी उसासे ठेवले होते.

गाळ किती वेळात बसतो, याचे सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१मध्ये मांडले. कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०६ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे पाच मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात. पहिला वरच्या तलावात हमखास अडकतो, दुसऱ्यासाठी पाणी दिवसेंदिवस थोपवून धरावे लागते. सूत्र हाती येण्याच्या शंभर वर्षे आधी बांधणाऱ्यांनी हा फरक अनुभवातून हेरला होता, आणि योजनेचे खरे मोठेपण हौदांपेक्षा इथे आहे.

तळाशी बसलेला ताजा गाळ पळीवाढ्या पिठल्यासारखा असतो. त्यावर नवा थर चढला की वाढलेला भार आधी फटींतल्या पाण्यावर येतो. पाणी हळूहळू झिरपून जाते, तसा भार कणांवर उतरतो आणि गाळ घट्ट होतो. कार्ल टर्झागी यांनी इस्तंबूलमध्ये शिकवत असताना चिकणमातीच्या चकत्या धातूच्या कड्यात दाबून हे मोजले आणि १९२५मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे समीकरण दिले. मातीचे बळ एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून जे उरते त्यावर ठरते, हा त्याचा गाभा. लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाने वाढतो. दोन सेंटिमीटरची चकती एका दिवसात दबली, तर तशाच मातीचा दोन मीटरचा थर दबायला दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे लागतात.

मातीची कातर-ताकद, म्हणजे घसरण्याला होणारा तिचा विरोध, चिकटपणा आणि घर्षण यांच्या बेरजेने मांडण्याची रीत शार्ल कुलोंब यांच्या १७७३च्या निबंधापासूनची आहे. दबणे आणि घसरणे ही दोन प्रकरणे मात्र वेगळीच राहिली. केंब्रिजमध्ये केनेथ रॉस्को, अँड्र्यू स्कोफील्ड आणि पीटर रॉथ यांनी १९५८पासून ती एकत्र आणली. दाब, कातर आणि आकारमान यांचा एकत्र हिशेब ठेवणाऱ्या त्यांच्या प्रतिमानाला तिथल्या कॅम नदीवरून ‘कॅम क्ले’ असे नाव मिळाले. १९६८मध्ये रॉस्को आणि बर्लंड यांनी ते सुधारले; आज संगणकावर चालणाऱ्या अनेक हिशेबांच्या मुळाशी तेच आहे.

पण हे प्रतिमान पाण्याने भरलेल्या मातीसाठी घडले होते; इकडची माती मात्र सुकते आणि फुगते. कात्रजच्या डोंगरांचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. असा पाषाण झिजून सखल भागात जी काळी माती साचते, तिच्यात माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे खनिज असते. एप्रिलमध्ये तिच्या भेगांत हात जातो. आषाढात तीच माती फुगून फरशी उचलते. म्हणून काळी उकरून मुरूम लागेपर्यंत पाया खणण्याची पद्धत इकडे पडली.

या मातीचा उलगडा करण्यात आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांचे काम मोलाचे आहे. मोठ्या प्रमाणावरच्या प्रयोगांत काळी भिजवल्यावर त्यांना दिसले की उचल वरच्या सुमारे एक मीटरभर थरातच होते, खालची माती जवळजवळ हलत नाही. एवढ्या थराचे वजन फुगण्याच्या दाबापुढे अगदीच कमी असते, त्यामुळे वजनाने हे स्पष्ट होईना. वरच्या थरात निर्माण होणारा चिकटपणाच खालच्या मातीला धरून ठेवतो, असे त्यांनी दाखवले. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर वर दाबून बसवण्याचा उपाय त्यातूनच निघाला, आणि तो कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर वापरला गेला.

अर्धवट सुकलेल्या मातीसाठी बार्सिलोनाच्या आलोन्सो, गेन्स आणि जोसा यांनी १९९०मध्ये कॅम क्लेच्या समीकरणात मातीची शोषणशक्तीही घेतली. दोनच वर्षांनी गेन्स आणि आलोन्सो यांनी फुगणाऱ्या मातीसाठी फटींच्या दोन पातळ्या मानल्या: कणांच्या पुंजक्यांमधल्या मोठ्या आणि पुंजक्यांच्या पोटातल्या अतिसूक्ष्म. पाणी आधी मोठ्या फटींतून जाते. फुगणे सुरू होते ते सूक्ष्म फटींत.